‘टु’ की ‘इंग’? इंग्रजी क्रियापदांनंतरच्या दोन रूपांची निवड

‘त्याने पैसे घेण्याचे नाकारले’ आणि ‘त्याने पैसे घेतल्याचे नाकारले’ ही दोन वाक्ये मराठी माणसाच्या कानाला सर्वस्वी भिन्न वाटतात. पहिल्या वाक्यातील मनुष्याने पुढे केलेले पैसे स्वीकारले नाहीत. दुसऱ्या वाक्यातील मनुष्यावर पैसे घेतल्याचा आळ आहे आणि तो आळ त्याला मान्य नाही. पहिला मनुष्य प्रशंसेस पात्र ठरतो, तर दुसऱ्याची चौकशी सुरू होते. एवढा मोठा फरक मराठीत ‘घेण्याचे’ आणि ‘घेतल्याचे’ या दोन रूपांनी सांभाळला आहे.

हीच वाक्ये इंग्रजीत नेताना क्रियापद तर बदलावे लागतेच, पण त्याच्यामागून येणारे रूपही बदलावे लागते. पहिले वाक्य ‘ही रिफ्यूज्ड टु टेक द मनी’ असे होते, तर दुसरे ‘ही डिनाइड टेकिंग द मनी’ असे होते. एखाद्याने ‘ही डिनाइड टु टेक द मनी’ असे लिहिले, तर वाचणाऱ्या अधिकाऱ्यास त्या मनुष्याने पैसे परत केले की आरोप फेटाळला, याचा उलगडा होत नाही. जबाब, अर्ज किंवा पंचायतीचा ठराव अशा कागदांत ही चूक केवळ व्याकरणाची राहत नाही; तिचा परिणाम माणसाच्या कामावर व नावावर होऊ शकतो.

गोव्यात १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीस राजभाषेचे स्थान दिले व मराठीच्याही शासकीय वापराची तरतूद केली. तथापि कचेऱ्यांतील बराच पत्रव्यवहार आजही इंग्रजीतून चालतो. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील मराठी कुटुंबांनाही घरची मराठी, प्रदेशाची भाषा आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून वाट काढावी लागते. अशा वाचकांसाठी प्रस्तुत पाठात ‘टु’ आणि ‘इंग’ या दोन रूपांच्या निवडीचे नियम दिले आहेत. रोमन लिपीचा सराव नसलेल्यांनाही पाठ मोठ्याने वाचता यावा, या हेतूने इंग्रजी वाक्ये देवनागरीत छापली आहेत.

दोन रूपांची ओळख

मराठीत धातूला ‘णे’ हा प्रत्यय लावला म्हणजे क्रियेचे नाव तयार होते. जसे, करणे, जाणे, लिहिणे. मोरो केशव दामले यांनी १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ या ग्रंथात अशा धातुसाधितांचा सविस्तर विचार केला आहे. इंग्रजीत याच कामासाठी दोन रूपे आहेत. एक ‘टु’ हा शब्द आधी ठेवून होणारे रूप. जसे, टु डू, टु गो, टु राइट. यास इन्फिनिटिव्ह म्हणतात. दुसरे ‘इंग’ हा प्रत्यय लावून होणारे रूप. जसे, डूइंग, गोइंग, रायटिंग. नामाचे काम करणाऱ्या या रूपास जेरंड म्हणतात. या पाठात सोयीसाठी त्यांना अनुक्रमे ‘टु-रूप’ व ‘इंग-रूप’ असे म्हटले आहे.

या दोन रूपांचा पूर्वेतिहास ध्यानात घेतला तर त्यांचा स्वभाव कळतो. ‘टु’ हा शब्द मुळात दिशा दाखविणारा आहे. ‘ही वेंट टु पणजी’ म्हणजे तो पणजीकडे गेला. प्राचीन इंग्रजीत हाच शब्द क्रियावाचक रूपाच्या मागे लागून त्या क्रियेकडे असलेला रोख दाखवू लागला. त्यामुळे टु-रूपाची दृष्टी बहुधा पुढे, म्हणजे अजून न झालेल्या क्रियेकडे असते. संस्कृत जाणणाऱ्यांस ‘गन्तुम् इच्छति’ या प्रयोगातील तुमन्ताची येथे आठवण होईल. उलट ‘इंग’ हा प्रत्यय प्राचीन इंग्रजीत धातूपासून नाम बनविणारा होता. म्हणून इंग-रूप क्रियेकडे एक घडलेली, चालू असलेली किंवा अनुभवास आलेली वस्तू म्हणून पाहते. ‘टु’ पुढे पाहतो आणि ‘इंग’ क्रियेलाच पाहते, हे सूत्र सर्वत्र लागू पडत नाही. परंतु आरंभीच्या वाटचालीस ते पुरेसे आहे.

पहिला गट : केवळ टु-रूप घेणारी क्रियापदे

इच्छा, आशा, निश्चय, संमती, नकार, वचन आणि योजना दाखविणारी बहुतेक क्रियापदे या गटात येतात. या सर्वांत क्रिया पुढे व्हावयाची असते. प्रमुख क्रियापदे पुढीलप्रमाणे आहेत : वाँट, विश, होप, एक्स्पेक्ट, डिसाइड, ॲग्री, रिफ्यूज, प्रॉमिस, प्लॅन, ऑफर, फेल, मॅनेज आणि अफोर्ड.

‘द व्हिलेजर्स डिसाइडेड टु रिपेअर द रोड’, म्हणजे ग्रामस्थांनी रस्ता दुरुस्त करण्याचे ठरविले. ‘द काँट्रॅक्टर प्रॉमिस्ड टु फिनिश द वर्क बिफोर द रेन्स’, म्हणजे ठेकेदाराने पावसाळ्यापूर्वी काम पुरे करण्याचे वचन दिले. ‘शी होप्स टु बिकम अ नर्स’, म्हणजे परिचारिका होण्याची तिला आशा आहे. ‘वी कॅनॉट अफोर्ड टु बाय अ पंप’, म्हणजे पंप विकत घेणे आम्हाला परवडत नाही. या प्रत्येक वाक्यात क्रिया अजून पुढे आहे, हे सहज दिसते.

दुसरा गट : केवळ इंग-रूप घेणारी क्रियापदे

या गटात एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश, कीप, गिव्ह अप, डिनाय, ॲडमिट, सजेस्ट, कन्सिडर, पोस्टपोन, रिस्क, प्रॅक्टिस आणि माइंड ही क्रियापदे मुख्यत्वे येतात. त्यांच्यानंतर टु-रूप वापरणे ही चूक होय.

‘द चिल्ड्रन एन्जॉय सिंगिंग’, म्हणजे मुलांना गाण्यात आनंद वाटतो. ‘ही फिनिश्ड रायटिंग द रिपोर्ट’, म्हणजे त्याने अहवाल लिहून संपविला. ‘द कमिटी सजेस्टेड डीपनिंग द वेल’, म्हणजे समितीने विहीर खोल करण्याचे सुचविले. ‘द पंचायत पोस्टपोन्ड होल्डिंग द मीटिंग’, म्हणजे पंचायतीने सभा घेण्याचे पुढे ढकलले.

शेवटची दोन वाक्ये मुद्दाम पाहण्याजोगी आहेत. विहीर अजून खोल झालेली नाही आणि सभाही भरलेली नाही; तरी रूप ‘इंग’चेच आले. ‘टु पुढे पाहतो’ हे सूत्र येथे लंगडे पडते. ‘सजेस्ट’, ‘कन्सिडर’ व ‘पोस्टपोन’ यांच्यात क्रियेकडे चर्चेचा एक विषय म्हणून पाहिले जाते, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. परंतु व्यवहारात ही तीन क्रियापदे पाठ करणेच श्रेयस्कर. ‘द ऑफिसर सजेस्टेड टु अप्लाय’ अशी वाक्ये आपल्याकडील पत्रांत वारंवार आढळतात. त्यांच्या जागी ‘द ऑफिसर सजेस्टेड अप्लाइंग’ असे लिहावे.

‘माइंड’ या क्रियापदाचा सभ्य विनंतीसाठी उपयोग होतो. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो?’ याचा शब्दशः अर्थ ‘खिडकी उघडण्यास आपली काही हरकत आहे काय?’ असा आहे. त्यामुळे विनंती मान्य असेल तर उत्तर ‘नो’ असे द्यावयाचे असते. घाईने ‘येस’ म्हटल्यास हरकत असल्याचा अर्थ निघू शकतो.

मराठीतच असलेली किल्ली

इंग्रजी शिकताना मातृभाषा बाजूस ठेवावी, असे पुष्कळदा सांगितले जाते. या विषयात मात्र मराठी भाषाच विद्यार्थ्याच्या हाती एक उत्तम किल्ली देते. मराठीत क्रियेचे नाव दोन प्रकारे येते. क्रिया व्हावयाची असेल तर आपण ‘करण्याचे’, ‘करण्यास’, ‘करायला’ अशी रूपे वापरतो. क्रिया होऊन गेलेली असेल तर ‘केल्याचे’, ‘केल्याचा’, ‘केल्याबद्दल’ अशी रूपे वापरतो. हा भेद लहान मूलही अचूक पाळते. ‘मी गृहपाठ करायला विसरलो’ आणि ‘मी गृहपाठ केल्याचे विसरलो’ यांत कोणतेही मराठी मूल गोंधळत नाही.

यावरून पहिला नियम असा निघतो : मराठी वाक्यात ‘केल्याचे’ या जातीचे रूप शोभत असेल, तर इंग्रजीत बहुधा इंग-रूप येते. आरंभीचे ‘पैसे घेतल्याचे नाकारले’ हे वाक्य ‘डिनाइड टेकिंग’ असे झाले ते याच नियमाने. ‘चूक केल्याचे कबूल केले’ याचे ‘ॲडमिटेड मेकिंग अ मिस्टेक’ असे होते. उलट ‘चूक दुरुस्त करण्याचे कबूल केले’ याचे ‘ॲग्रीड टु करेक्ट द मिस्टेक’ असे होते. मराठीत ‘कबूल करणे’ हे एकच क्रियापद दोन्हीकडे आहे. इंग्रजीत क्रियापद व रूप दोन्ही बदलतात.

इंदूर-ग्वाल्हेरकडील विद्यार्थ्यांनी ही किल्ली विशेष जपावी. हिंदीत ‘लेने से इनकार किया’ हा प्रयोग न स्वीकारणे व आरोप फेटाळणे अशा दोन्ही अर्थांनी वापरलेला आढळतो. मनात हिंदी वाक्य धरून इंग्रजी लिहिले तर गफलत होण्याचा संभव अधिक. मराठी वाक्य धरले तर अर्थ आधीच वेगळा झालेला असतो.

दुसरा नियम असा की मराठीत ‘करून’, ‘करीत’ अशी रूपे येऊन पुढे संपविणे, पाहणे किंवा राहणे ही क्रियापदे आली, तर इंग्रजीतही इंग-रूप येते. लिहून संपविणे म्हणजे ‘फिनिश रायटिंग’, बोलत राहणे म्हणजे ‘कीप टॉकिंग’, करून पाहणे म्हणजे ‘ट्राय डूइंग’.

या किल्लीच्या मर्यादाही सांगणे अवश्य आहे. ‘करण्याचे’ हे रूप आले म्हणजे इंग्रजीत ‘टु’ येईलच, असे नाही. ‘करण्याचे टाळले’, ‘करण्याचे सुचविले’ यांत ‘अव्हॉइड’ व ‘सजेस्ट’ ही दुसऱ्या गटातील क्रियापदे आहेत. तसेच ‘दावा करणे’ व ‘भासविणे’ यांचे वर्तन निराळे आहे. ‘त्याने चोर पाहिल्याचा दावा केला’ याचे ‘ही क्लेम्ड टु हॅव सीन द थीफ’ असे होते. येथे क्रिया होऊन गेल्याचे ‘हॅव सीन’ या शब्दांनी दाखविले आहे. ‘सांगितले’ व ‘कळविले’ यांच्या मागील ‘केल्याचे’ हे रूप इंग्रजीत ‘दॅट’ने सुरू होणाऱ्या वाक्याने सांगावे लागते.

तिसरा गट : रूप बदलले की अर्थ बदलतो

काही क्रियापदे दोन्ही रूपे घेतात, पण प्रत्येक वेळी अर्थ वेगळा होतो. या गटाचा अभ्यास सर्वांत काळजीपूर्वक करावा, कारण येथे चुकीचे वाक्यही व्याकरणदृष्ट्या शुद्ध दिसते व चूक कोणाच्या लक्षात येत नाही.

रिमेंबर. ‘रिमेंबर टु साइन द फॉर्म’ म्हणजे अर्जावर सही करण्याची आठवण ठेवा. ‘आय रिमेंबर सायनिंग द फॉर्म’ म्हणजे अर्जावर सही केल्याचे मला आठवते. पहिल्यात आठवण आधी व सही नंतर. दुसऱ्यात सही आधी व आठवण नंतर.

फरगेट. ‘शी फरगॉट टु पे द टॅक्स’ म्हणजे ती कर भरण्यास विसरली, अर्थात कर भरलेला नाही. ‘शी विल नेव्हर फरगेट सीइंग द फ्लड’ म्हणजे पूर पाहिल्याचे ती कधीही विसरणार नाही.

रिग्रेट. ‘वी रिग्रेट टु इन्फॉर्म यू’ म्हणजे आपणांस कळविण्यास खेद वाटतो. अर्ज नामंजूर झाल्याच्या पत्रांत हे शब्द नेहमी येतात. ‘वी रिग्रेट इन्फॉर्मिंग हिम’ म्हणजे त्याला कळविल्याचा आता पश्चात्ताप होत आहे. कळविण्यास खेद आणि कळविल्याचा खेद हा भेद मराठीतही जसाच्या तसा आहे.

स्टॉप. ‘द बस स्टॉप्ड टु पिक अप पॅसेंजर्स’ म्हणजे उतारू घेण्यासाठी बस थांबली. ‘द बस स्टॉप्ड पिकिंग अप पॅसेंजर्स’ म्हणजे बसने उतारू घेण्याचे बंद केले. एका वाक्यात गावाची सोय आहे, दुसऱ्यात गावाची तक्रार. पहिल्या वाक्यातील ‘टु’ हा हेतू सांगतो. त्या जागी मराठीत ‘साठी’ येतो. ‘साठी’ घालून वाक्य जुळत असेल तर ‘टु’ वापरावा, ‘बंद केले’ किंवा ‘सोडून दिले’ असा अर्थ असेल तर ‘इंग’ वापरावे.

ट्राय. ‘वी ट्राइड टु सेल द कॅशूज इन द टाउन’ म्हणजे शहरात काजू विकण्याचा प्रयत्न केला. काम कठीण होते, विक्री झाली असेल वा नसेल. ‘वी ट्राइड सेलिंग द कॅशूज इन द टाउन’ म्हणजे शहरात काजू विकून पाहिले. विक्री केली, पण त्यातून लाभ होतो की नाही याची ती चाचणी होती. कर्जाच्या अर्जात ही दोन वाक्ये दोन वेगळ्या गोष्टी सांगतात.

गो ऑन. ‘द टीचर वेंट ऑन टु एक्स्प्लेन द सेकंड लेसन’ म्हणजे एक पाठ संपवून शिक्षक पुढे दुसरा पाठ समजावू लागले. ‘द टीचर वेंट ऑन एक्स्प्लेनिंग द लेसन’ म्हणजे शिक्षक तोच पाठ समजावीत राहिले.

मीन. ‘ही मीन्स टु अपील’ म्हणजे अपील करण्याचा त्याचा मानस आहे. ‘द ट्रान्सफर मीन्स लीव्हिंग द व्हिलेज’ म्हणजे बदली होणे याचा अर्थ गाव सोडणे.

नीड. ‘द पंचायत नीड्ज टु रिपेअर द रूफ’ म्हणजे पंचायतीने छप्पर दुरुस्त करणे आवश्यक आहे. ‘द रूफ नीड्ज रिपेअरिंग’ म्हणजे छपराची दुरुस्ती व्हावयास हवी. क्रिया करणारा कर्ता असेल तर ‘टु’ व क्रिया जिच्यावर घडावयाची ती वस्तू कर्त्याच्या जागी असेल तर ‘इंग’, असा येथील नियम आहे.

चौथा गट : दोन्ही रूपे चालतात

बिगिन, स्टार्ट, कंटिन्यू, लाइक, लव्ह, हेट व प्रिफर यांच्यानंतर दोन्ही रूपे येतात व अर्थात फारसा फरक पडत नाही. ‘इट बिगॅन टु रेन’ व ‘इट बिगॅन रेनिंग’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. दोन गोष्टी मात्र पाळाव्यात. मुख्य क्रियापदच ‘इंग’मध्ये असेल तर पुढे ‘टु’ घ्यावा. ‘इट इज बिगिनिंग टु रेन’ असे म्हणावे, म्हणजे दोन ‘इंग’ लागोपाठ येत नाहीत. तसेच ‘वुड लाइक’ या विनयदर्शक प्रयोगानंतर ‘टु’ वापरावा. ‘आय वुड लाइक टु अप्लाय फॉर द पोस्ट’ हे वाक्य नोकरीच्या अर्जात शुद्ध आहे. तेथे ‘अप्लाइंग’ लिहू नये.

फसवा ‘टु’

शब्दयोगी अव्ययानंतर क्रियावाचक रूप आले तर ते इंग-रूपच असते. ‘थँक यू फॉर हेल्पिंग’, ‘विदाउट पेइंग’, ‘बिफोर सायनिंग’, ‘इन्सिस्टेड ऑन सीइंग’ ही त्याची उदाहरणे होत. अडचण उद्भवते ती ‘टु’ हा स्वतःच शब्दयोगी अव्यय असतो तेव्हा. पत्राच्या शेवटी लिहिले जाणारे ‘आय लुक फॉरवर्ड टु हिअरिंग फ्रॉम यू’ हे वाक्य पुष्कळांना चुकीचे वाटते, आणि ते ‘टु हिअर’ असे बदलून टाकतात. वस्तुतः येथील ‘टु’ दिशा दाखविणारा मूळचा शब्द आहे. ‘ऑब्जेक्ट टु’ व ‘बी यूज्ड टु’ यांतील ‘टु’देखील असाच आहे.

हा ‘टु’ ओळखण्याची सोपी कसोटी अशी : ‘टु’नंतर एखादे साधे नाम ठेवून पाहावे. ‘आय लुक फॉरवर्ड टु युवर लेटर’ हे वाक्य जुळते. म्हणून तेथे इंग-रूप येते. ‘आय वाँट टु युवर लेटर’ हे वाक्य जुळत नाही. म्हणून ‘वाँट’नंतरचा ‘टु’ हा टु-रूपाचा होय. याच कसोटीने ‘शी इज यूज्ड टु वॉकिंग’, म्हणजे तिला चालण्याची सवय आहे, आणि ‘शी यूज्ड टु वॉक’, म्हणजे ती पूर्वी चालत असे, यांतील भेद उमगतो.

कोणास सांगितले, हे महत्त्वाचे

ॲडव्हाइज, अलाऊ व परमिट या क्रियापदांनंतर कोणास सल्ला किंवा परवानगी दिली त्याचा उल्लेख असेल तर ‘टु’ येतो, नसेल तर ‘इंग’ येते. ‘द डॉक्टर ॲडव्हाइज्ड हर टु रेस्ट’, म्हणजे डॉक्टरांनी तिला विश्रांती घेण्याचा सल्ला दिला. ‘द डॉक्टर ॲडव्हाइज्ड रेस्टिंग’ यात कोणास सल्ला दिला ते सांगितलेले नाही. सूचनाफलकांवर ‘वी डू नॉट अलाऊ पार्किंग हिअर’ असते. व्यक्तीचा उल्लेख आला की ‘वी डू नॉट अलाऊ एनीवन टु पार्क हिअर’ असे होते.

शिक्षकांसाठी काही सूचना

१. क्रियापदांच्या लांबलचक याद्या एकदम पाठ करावयास देऊ नयेत. आठवड्यास पाच क्रियापदे पुरेत. शक्यतो ती जोडीने द्यावीत. जसे, रिफ्यूज व डिनाय, ॲग्री व ॲडमिट.

२. फळ्यावर दोन रकाने करावेत. एका रकान्यात मराठीतील ‘करण्याचे’ या जातीची व दुसऱ्यात ‘केल्याचे’ या जातीची वाक्ये मुलांकडूनच काढून घ्यावीत. ती प्रथम मराठीत नीट समजली म्हणजे मग इंग्रजी वाक्यांकडे वळावे.

३. तिसऱ्या गटातील वाक्ये कृतीने दाखवावीत. एका विद्यार्थ्याने चालता चालता थांबून पुस्तक उघडावे, म्हणजे ‘स्टॉप्ड टु रीड’. दुसऱ्याने वाचता वाचता पुस्तक मिटावे, म्हणजे ‘स्टॉप्ड रीडिंग’. ही कृती एकदा पाहिलेला विद्यार्थी तो भेद सहसा विसरत नाही.

४. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना शब्दकोश पाहण्याची सवय लावावी. ए. एस. हॉर्नबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी परभाषिक विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला कोश प्रथम १९४२ साली जपानमध्ये व पुढे १९४८ साली ऑक्सफर्डकडून प्रसिद्ध झाला. कोणत्या क्रियापदानंतर कोणती रचना येते हे त्यात दाखविले होते. आजच्या विद्यार्थी-कोशांतही ही माहिती उदाहरणांसह मिळते. शब्दाचा अर्थ पाहून कोश मिटू नये. त्याखालील उदाहरण अवश्य वाचावे.

५. चूक सुधारताना केवळ लाल रेघ ओढू नये. लिहिलेल्या वाक्याचा अर्थ काय झाला, हे मुलास मराठीत सांगावयास लावावे. ‘आय रिमेंबर टु पोस्ट द लेटर’ असे लिहिणाऱ्या मुलाला पत्र टाकल्याचे आठवते असे म्हणावयाचे असेल, तर चूक त्याची त्यालाच दिसते.

स्वाध्याय

पुढील वाक्यांतील रिकाम्या जागी दिलेल्या क्रियापदाचे योग्य रूप भरावे.

१. द फार्मर्स ॲग्रीड …… द वॉटर. क्रियापद : शेअर.
२. द ड्रायव्हर ॲडमिटेड …… टू फास्ट. क्रियापद : ड्राइव्ह.
३. प्लीज रिमेंबर …… युवर रेशन कार्ड टुमॉरो. क्रियापद : ब्रिंग.
४. द ओल्ड मॅन रिमेंबर्स …… द फर्स्ट बस इन द व्हिलेज. क्रियापद : सी.
५. द मेंबर्स सजेस्टेड …… अ न्यू वेल. क्रियापद : डिग.
६. वी लुक फॉरवर्ड टु …… यू ॲट द मीटिंग. क्रियापद : मीट.
७. द डॉक्टर ॲडव्हाइज्ड हिम …… मोअर वॉटर. क्रियापद : ड्रिंक.
८. द स्कूल वॉल नीड्ज …… . क्रियापद : पेंट.
९. ऑन द वे टु द मार्केट शी स्टॉप्ड …… अ स्टॅम्प. क्रियापद : बाय.
१०. ही रिफ्यूज्ड …… द स्टेटमेंट. क्रियापद : साइन.

उत्तरे : १. टु शेअर, संमती पुढील क्रियेस आहे. २. ड्रायव्हिंग, वेगाने गाडी चालविल्याचे कबूल केले. ३. टु ब्रिंग; शिधापत्रिका उद्या आणावयाची आहे. ४. सीइंग, बस पाहिल्याचे आठवते. ५. डिगिंग, ‘सजेस्ट’नंतर इंग-रूपच येते. ६. मीटिंग, येथील ‘टु’ शब्दयोगी अव्यय आहे. ७. टु ड्रिंक; कोणास सल्ला दिला ते सांगितले आहे. ८. पेंटिंग, भिंत रंगविली जावयाची आहे. ९. टु बाय; तिकीट घेण्यासाठी ती थांबली. १०. टु साइन, सही करण्याचे नाकारले.

ज्यांची आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर आली त्यांनी पुढील पंधरवड्यात हाती येणाऱ्या इंग्रजी पत्रांतून व वृत्तपत्रांतून दोन्ही रूपांची वीस वाक्ये वहीत उतरवून काढावीत. ज्यांची कमी आली त्यांनी तिसरा गट पुन्हा वाचावा व प्रत्येक वाक्याचा मराठी अर्थ मोठ्याने म्हणावा. आणि ज्यांना इंग्रजी लिहिता येत नाही, पण इंग्रजी कागदावर सही किंवा अंगठा करावा लागतो, त्यांनी तो कागद वाचून दाखविणाऱ्यास एवढे अवश्य विचारावे : यात आपण ‘करण्याचे’ म्हटले आहे की ‘केल्याचे’? या एका प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत सही करण्याची घाई करू नये.